रोज घालायचं घड्याळ

आमच्या नंदुरबारात खोकल्याला कारण लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे लाल मिरचीच्या गाड्या मार्केट यार्डाकडे यायला लागतात, गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, आणि पुढचे तीन-चार महिने गावातला प्रत्येक माणूस भाषण, भांडण किंवा भजन यांपैकी काहीही करताना मधेच एकदा खोकून घेतो. कुणी विचारत नाही. पाहुणा असला तर त्याला पाणी देतात. गावातला असला तर बोलणं पुढे चालू ठेवतात.

म्हणूनच मुलाच्या फोनच्या वेळी हिला आलेला खोकला मी मिरचीच्या खात्यावर टाकला. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं चुकीच्या खात्यावर टाकलेली ही सर्वांत मोठी रक्कम. पण ते पुढे येईल.

मुलगा पुण्याला असतो. काय करतो ते मला नीट सांगता येत नाही, पण त्याचे त्याला पैसे चांगले मिळतात. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला.

"पप्पा, तुमची पासष्टी आली. या वेळी शाल नाही, शर्टपीस नाही. घड्याळ घ्यायचं. भारीतलं. दोन लाखांपर्यंत बघा."

"दोन लाखांत एखाद्या गावाच्या टॉवरचं घड्याळ येईल रे," मी म्हणालो.

"टॉवरचं हातावर घालता येत नाही पप्पा. आणि माझी एकच अट आहे. रोज घालायचं. जपून कपाटात ठेवून द्यायचं नाही."

त्याच वेळी ही खोकली. फोन स्पीकरवर होता, ही समोर तूरडाळ निवडत होती, आणि खिडकीतून मिरचीचा वास येत होता. मी तिला पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं नाही. मी ते स्वतः प्यालो.

मध्यमवर्गीय माणसाला वस्तू घेण्यापेक्षा वस्तूबद्दल माहिती घेण्यात जास्त सुख असतं. वस्तूला पैसे पडतात. मी बँकेची एक जुनी डायरी काढली, पहिल्या पानावर 'मनगटी घड्याळे : एक समीक्षा' असं मथळ्यासारखं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि सहा महिन्यांसाठी कामाला लागलो. निवृत्तीनंतर इतका कामात मी कधीच नव्हतो.

समीक्षकाची पात्रता काय, असं कुणी विचारील. तर मी जन्मभर एकच घड्याळ वापरलं, हीच माझी पात्रता. १९८१ साली दुसऱ्या पगारात (पहिला आईला दिला होता) मी एचएमटीची 'जनता' घेतली. चावीचं घड्याळ, सतरा ज्वेल, पांढरी तबकडी, आणि चेहऱ्यावर भाव असा काही नाही. तिच्याकडे पाहून वेळ कळायची, मालकाची ऐपत कळायची नाही. लोकशाहीतलं घड्याळ असंच असायला हवं. ही 'जनता' मी जवळजवळ तीस वर्षं वापरली आणि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गर्दीत हरवली. जनता गर्दीत हरवायचीच. त्यानंतर निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं एक सेलचं घड्याळ होतं. त्याचा सेल संपला आणि माझी घाईही संपली होती, तेव्हा ते तसंच राहिलं.

कुठल्याही समीक्षेला आधी कसोट्या लागतात. परदेशी पुस्तकांत घड्याळाच्या कसोट्या म्हणून काही दिलेलं असतं: शर्टाच्या कफाखाली सरकतं की नाही, संध्याकाळच्या सुटाला शोभतं की नाही. आमच्याकडे कफ फक्त छातीत असतो. मनगटावर अर्ध्या बाहीचा बुशशर्ट असतो, तोही कोपरापाशीच संपतो. तेव्हा मी स्थानिक परिस्थिती लक्षात घेऊन चार कसोट्या ठरवल्या: घामाची, मिरचीची, एसटीची आणि चाचांची.

घामाची सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास हिंडतो. पट्ट्याखाली मनगट शिजतं. मिरचीची कसोटी म्हणजे, बारीक लाल धूळ आत शिरता कामा नये. आणि ज्या हातानं मिरची पारखली त्याच हातानं चावी भरून पुढे डोळा चोळला, तर दोष घड्याळाचा धरायचा नाही. एसटीची कसोटी मानसिक आहे. नंदुरबारहून शहाद्याला उभ्यानं जाताना एक हात वरच्या दांडीला असतो. दुसरा हात घड्याळावर ठेवावासा वाटला की ते घड्याळ नापास, कारण पिशवी धरायला मग तिसरा हात लागतो. आणि चाचा म्हणजे आमच्या बाजारातले घड्याळवाले. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, तिच्यामागे एक स्टूल, स्टुलावर चाचा आणि चाचांच्या डोळ्यात भिंग. जे घड्याळ चाचा उघडू शकत नाहीत, ते बंद पडल्यावर मुंबईला पाठवावं लागतं. रोजची वस्तू दुरुस्तीला परगावी गेली की ती रोजची राहत नाही. एखाद्याची बायको माहेरी गेल्यावर काय होतं ते आठवावं.

दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा मुलानं मला एका मोठ्या दुकानात नेलं. आत इतकं गार होतं की घामाची कसोटी तिथं घेणं अन्यायाचं झालं असतं. पांढरे हातमोजे घातलेला एक मुलगा पुढे आला. आमच्याकडे असे हातमोजे फक्त बँडवाले घालतात. तो फार अदबीनं म्हणाला, "सर, कुठल्या प्रसंगासाठी?"

"रोजसाठी," मी म्हणालो.

"रोज म्हणजे सर, ऑफिस? पार्टी?"

"रोज म्हणजे दूध आणायला, भाजीला, बँकेत पासबुक भरायला, आणि संध्याकाळी स्टेशनवर."

"स्टेशनवर कशासाठी सर?"

"गाड्या बघायला."

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं छताकडे पाहिलं. मग त्यानं मखमलीच्या ताटलीत एकेक घड्याळ माझ्यापुढे ठेवलं, आणि माझी समीक्षा सुरू झाली.

पहिलं अर्थात रोलेक्स. हे आपल्या बजेटात नाही, नुसतं बघून घ्या, असं मुलानं आधीच कानात सांगितलं. रोलेक्सनं १९२६ साली पाणी न शिरणारी 'ऑयस्टर' नावाची केस काढली. पुढल्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या एका इंग्रज तरुणीनं हे घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत तासन्‌तास पोहून दाखवलं, आणि घड्याळ चालूच राहिलं. घामाच्या कसोटीत रोलेक्स विशेष योग्यतेसह उत्तीर्ण. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचं असं आहे म्हणे, की पैसे घेऊन गेलं तरी ते लगेच मिळत नाही. नाव नोंदवायचं आणि वाट पाहायची. हे ऐकून मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. आमच्या काळी बजाजची स्कूटर अशीच मिळायची. नोंदवताना माणूस सडाफटिंग असायचा आणि स्कूटर येईपर्यंत पुढे उभं राहायला एक पोर झालेलं असायचं. साठी उलटलेल्या माणसानं वेळ बघण्याच्या यंत्रासाठी किती वर्षं थांबावं, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला नाही. त्याचं वय लहान होतं.

दुसरं ओमेगाचं 'स्पीडमास्टर'. १९६९ साली चंद्रावर गेलेलं. जे चंद्रावर गेलं तेही रोज हातानं चावी भरण्याचंच होतं. म्हणजे आमची 'जनता'च, जरा लांबचा प्रवास करून आलेली. पण याची एक गोष्ट मला फार आवडली. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं आर्मस्ट्राँगनं, पण तेव्हा त्याच्या हातावर घड्याळ नव्हतं. यानातलं घड्याळ बिघडलं, म्हणून त्यानं स्वतःचं तिथं ठेवलं आणि तसाच खाली उतरला. चंद्रावर मिरवलं ते मागून उतरलेल्या ऑल्ड्रिनचं. माणूस चंद्रावर निघाला तरी भारी घड्याळ घरीच ठेवून जातो, हे वाचून मला आर्मस्ट्राँग आमच्याच आळीतला वाटायला लागला. हे वाक्य मी रात्री हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हाही ही खोकली.

तिसरं जेझे-लकूल्त्र. हा उच्चार मी सात-आठ वेळा केला, पण दर वेळी निराळा झाला. त्यांच्या 'रिव्हर्सो'चा जन्म आपल्या देशामुळे झालेला आहे. हिंदुस्थानातले इंग्रज लष्करी अधिकारी पोलो खेळायचे, खेळताना घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ साली तोंड मागे फिरवता येईल असं घड्याळ निघालं. आता घोडा म्हटलं की आम्हाला सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पण आमच्याकडे घोड्यावर बसून कुणी चेंडू मारत नाही, व्यवहार करतात. आणि व्यवहारात तोंड फिरवणारा माणूस आम्हाला चालत नाही. मी वसुलीच्या कामात अशी तोंडं पुष्कळ पाहिली आहेत. शिवाय ते तोंड ज्या खाचेतून सरकतं ती खाच मी निरखून पाहिली. मिरचीच्या धुळीला याहून चांगली पन्हाळ कुणी बांधून दिली नसती. नापास.

चौथं पाटेक फिलिपचं. ते दुकानात नव्हतं, नुसती जाहिरात होती. तिचा मथितार्थ असा, की हे घड्याळ तुमचं नसतंच, तुम्ही ते फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळता. या जाहिरातीपुढे आम्ही बापलेक बराच वेळ उभे राहिलो. म्हणजे पैसे मुलानं घालायचे, घड्याळ मी सांभाळायचं, आणि माझ्यामागे ते पुन्हा मुलाला मिळायचं. माझा यात उपयोग एका लॉकरइतकाच. लॉकरला निदान भाडं असतं.

"यातलं काही नको," मुलगा म्हणाला. "दोन लाखांत लाँजिन्स छान बसतं. बघा."

बघितलं. छानच होतं. सडपातळ, शांत, घरंदाज. हातावर घालून पाहिलं आणि माझा दुसरा हात आपोआप त्याच्यावर गेला. एसटीच्या कसोटीत नापास.

सगळी घड्याळं बघून झाल्यावर मी त्या हातमोज्यांच्या मुलाला विचारलं, "यातलं सर्वांत बरोबर वेळ दाखवणारं कुठलं?" तो गडबडला. तो प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारत नसावं. आणि त्याचं खरं उत्तर त्या दुकानात देण्यासारखं नव्हतंच. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोनं पहिलं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. तेव्हा ते मोटारीच्या भावात होतं. आता त्या जातीचं घड्याळ रस्त्यावर छत्रीखाली मिळतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदच चुकतं. उलट स्वित्झर्लंडमधल्या नामवंत चावीच्या किंवा स्वयंचलित घड्याळाला परीक्षा पास व्हायला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे जितके पैसे जास्त, तितकी चुकायची मुभा जास्त. हा नियम मी बँकेत कर्जाच्या बाबतीतही पाहिलेला आहे.

नंदुरबारला परत आल्यावर मी हे सगळं स्टेशनच्या बाकावर आमच्या भूगोलाच्या सरांना सांगितलं. हे सर निवृत्त आहेत, पण भूगोल निवृत्त झालेला नाही. ते म्हणाले, "सेकंदांचं काय घेऊन बसलात? तुमचं कुठलंही घड्याळ इथं तेहेतीस मिनिटं चुकीचं असतं."

"कसं काय?"

"भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. तो जातो मिर्झापूरजवळून. आपण सव्वाचौऱ्याहत्तरवर. फरक सव्वाआठ अंशांचा. अंशाला चार मिनिटं. करा हिशेब." मी केला. तेहेतीसच आली. "म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा नंदुरबारच्या डोक्यावर सूर्य यायला सरासरीनं तेहेतीस मिनिटं अवकाश असतो. मुंबईवाल्यांना हे पटायचं नाही, म्हणून १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी त्यांनी आपली ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालवली. आपण साधी माणसं. मिर्झापूर म्हणेल तेव्हा जेवतो."

मी सुरतेकडून येणाऱ्या गाडीकडे बघत राहिलो. या मार्गावरच्या आमच्याच जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तरी वेळ दोन्ही राज्यांत एकच. वेळ म्हणजे शेवटी सगळ्यांनी मिळून मान्य केलेली एक चूक, असं वाक्य मी डायरीत लिहिलं आणि फार खूष झालो. दोन सेकंदांचा फरक पडू नये म्हणून लाख-दीड लाख मोजायचे, आणि वरचा सूर्य तेहेतीस मिनिटांनी हसत असायचा!

थोडक्यात सांगायचं तर एकच घड्याळ माझ्या कसोट्यांच्या जवळ आलं: टायटनचं 'एज'. २००२ साली निघालं तेव्हा सगळं मिळून साडेतीन मिलीमीटर जाडीचं. सेलचं, बरोबर चालणारं, हातावर आहे की नाही हे विसरायला लावणारं. पण मुलगा म्हणाला, "पप्पा, ते माझ्या ऑफिसात चार जणांकडे आहे." त्यानं त्यापेक्षा मनगटावरचा एक छोटा टीव्ही सुचवला. तो आपण किती पावलं चाललो ते मोजतो, आणि बराच वेळ बसून राहिलं की उभं राहा म्हणून टोचतो. उभं करणारे मास्तर मी शाळेतच संपवले आहेत. शिवाय त्याला रात्री चार्ज करावं लागतं. म्हणजे आपण झोपायच्या आधी त्याला झोपवायचं.

एप्रिलात समीक्षा पूर्ण झाली. दुपारी जेवण झाल्यावर मी डायरी उघडली आणि शेवटचा निष्कर्ष हिला वाचून दाखवला: "सबब, भारी घड्याळ आणि रोजचं घड्याळ या दोन गोष्टी एका मनगटावर नांदू शकत नाहीत. जे भारी, ते रोज घालवत नाही. आणि जे रोज घालवतं, ते भारी उरत नाही. माणसानं रोजचं घालावं, आणि भारी जपून ठेवावं."

ही खोकली.

एप्रिल होता. पथाऱ्या केव्हाच उठल्या होत्या. गावात मिरचीचा कण नव्हता. मी डायरी मिटली.

"काय झालं?"

ही काही न बोलता उठली. लोखंडी कपाट करकरलं. पैठणीच्या खालून तिनं एक लाल डबी आणली आणि माझ्या डायरीवर ठेवली. डबीत घड्याळ होतं. एचएमटी कांचन. सोनेरी, स्वयंचलित, वार-तारखेचं. त्याच्या काचेच्या कडेला हळदीकुंकवाचा पिवळा-तांबडा थर साचला होता, कारण दर दसऱ्याला ही त्याची पूजा करून वर आपट्याचं पान ठेवायची. हे पान मी चाळीस वर्षं पाहत आलो होतो. मला वाटायचं पूजा डबीची आहे.

इथं थोडा इतिहास सांगणं भाग आहे. १९६१ साली या देशात दोन गोष्टी झाल्या. एक, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली आणि पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. दुसरी, हुंडाबंदीचा कायदा झाला. दोन्ही उपक्रमांचा पुढे एकमेकांशी इतका निकट संबंध आला, की एचएमटीचं घड्याळ नसेल तर नवरामुलगा बोहल्यावर चढत नसे. त्यातही 'कांचन' म्हणजे मानाचं पान. दुकानात सहजी मिळायची नाही. ओळख काढावी लागे, वर पैसे मोजावे लागत.

माझं लग्न १९८४ चं. मी तेव्हा बँकेतल्या मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो की मी एक पैसा घेणार नाही. घेतलाही नाही. फक्त मांडवात सासऱ्यांनी लाल डबी पुढे केली तेव्हा हात मागे घेतला नाही. सासरे तापीकाठचे शेतकरी. मिरची लावायचे. त्या वर्षीची मिरची विकून, गाडीनं सुरतेला दोन खेपा घालून त्यांनी ते घड्याळ मिळवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ते ठेवून दिलं आणि 'जनता' घातली. लोकांना सांगितलं, भारी वस्तू आहे, जपायला हवी. खरं कारण निराळं होतं. ते घालून बँकेत गेलो असतो तर मित्रांनी विचारलं असतं, हे कुठून आलं? मला न घेण्याचं धैर्य झालं नाही आणि घेतलेलं घालण्याचंही झालं नाही. एका डबीत मी दोन्ही भित्रेपणे बंद करून ठेवले आणि त्यांना काटकसर असं नाव दिलं.

सासरे घरी यायचे तेव्हा माझ्या मनगटाकडे बघायचे. तीन-चार वर्षांनी त्यांनी एकदाच विचारलं होतं, "जावईबापू, घड्याळ बंद पडलं का?"

"छे, छे. जपून ठेवलंय," मी म्हणालो होतो.

"बरं," ते म्हणाले होते. मला वाटलं, खूष झाले.

"त्या दिवशी घरी जाऊन ते आईला काय म्हणाले, माहिती आहे?" ही म्हणाली. "म्हणाले, जावयाला आवडलेलं दिसत नाही. आपल्याला त्यातलं काय कळतं. दुसरं घ्यायला हवं होतं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि तुम्ही काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी घालून त्यांच्यापुढे उभे राहिला असतात. तेही त्यांना कळलं असतं."

सासरे २००३ साली गेले. समीक्षेत या रकान्यासाठी मी जागा ठेवलेली नव्हती. वजन, जाडी, पाणी, धूळ, भाव, सगळं मोजलं होतं. घड्याळ देणारा माणूस घेणाऱ्याच्या हाताकडे किती वर्षं बघत राहतो, हे कुठल्याच जाहिरातीत दिलेलं नसतं.

संध्याकाळी डबी घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "साहेब, याला कुणी मारलं नाही. याला कुणी वापरलंच नाही."

"जपून ठेवलं होतं."

"तेच म्हणतो मी. हे हाताच्या हलण्यावर चालतं. कपाट हलतं का? आतलं तेल सुकून त्याचा डिंक झाला. रोज घातलं असतं आणि चार-पाच वर्षांनी एकदा ऑइलिंगला माझ्याकडे आलं असतं, तर आज झोकात चाललं असतं."

मला 'पाटेक फिलिप'ची जाहिरात आठवली. पुढच्या पिढीसाठी सांभाळलेल्या वस्तूचं आत काय होतं, हे चाचांच्या भिंगातून दिसत होतं. भाग मिळतील का, विचारलं. चाचांनी मान हलवली. एचएमटीचा घड्याळांचा कारभार सरकारनं २०१६ साली बंद केला. आता एका मेलेल्या कांचनमधून काढून दुसऱ्या कांचनला घालायचं. पण त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात अशी एक मेलेली कांचन निघाली. ती कुठल्या जावयाची होती कोण जाणे.

तीन आठवडे लागले. खर्च अकराशे रुपये. काचेच्या कडेचं हळदीकुंकू चाचा साफ करायला निघाले होते. मी ते राहू द्या म्हणालो. त्यांनी माझ्याकडे, दुकानातल्या त्या मुलानं पाहिलं होतं तसं पाहिलं.

आता कसोट्यांचा निकाल. घाम: सोनेरी मुलाम्याची एक कड पहिल्याच उन्हाळ्यात फिकी पडली, काठावर पास. मिरची: गेल्या हंगामात यार्डातून दोनदा जाऊन आलो, अजून शिंकलेलं नाही, पास. चाचा: प्रथम श्रेणी. एसटी: शहाद्याला उभ्यानं गेलो. एक हात दांडीला होता आणि दुसऱ्या हातात पिशवी होती. प्रकाशाच्या पुलावर खाली तापी दिसली तेव्हा लक्षात आलं, की घड्याळावर हात ठेवायचा राहिलाच. त्याच प्रवासात दांडीला घासून काचेवर एक लांब चरा पडला. घरी आल्यावर मी तो हिला भीत भीत दाखवला. तिनं घड्याळ उजेडात धरून चऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता घातल्यासारखं दिसतंय."

मुलाला मी कळवलं की घड्याळ मिळालं. अकराशेत. उरलेल्या पैशांचं काय करायचं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी घे तुला आवडेल ते, पण घेतलंस की दुसऱ्या दिवसापासून घाल. आणि कुणी दिलेलं असेल तर आधी ते घाल. तो म्हणाला, "पप्पा, हे तुमच्या समीक्षेत आहे का?" मी म्हटलं, शेवटच्या पानावर आहे, आईनं लिहिलंय.

कांचन दिवसाला तीन मिनिटं पुढे जाते. स्वित्झर्लंडमध्ये तिला परीक्षेला बसूही दिलं नसतं. नंदुरबारच्या तेहेतीस मिनिटांत ती तीन मिनिटं कुठे मुरतात, कुणाला कळतही नाही.

हिच्यासमोर भिंतीवर घड्याळ आहे. ओट्यावर मोबाइल असतो, त्यात मिर्झापूरची वेळ सेकंदासकट दिसते. तरी साडेबाराच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज येतो. माहेरच्या बोलीत, जी ती माझ्याशी एरवी फारशी बोलत नाही.

"कितला वाजनात?"

मी मनगट वर करतो, चऱ्याखालचे काटे बघतो, आणि तीन मिनिटं वजा न करता सांगतो. ती तव्यावर भाकरी टाकते.